भावंडांनी मिळून लहानपणच्या आठवणी लिहायच्यात? मग सुरुवात अशी करा

घरात सहा-सात भावंडं असली की कधी ना कधी कोणीतरी म्हणतंच, अरे हे सगळं एकदा लिहून ठेवलं पाहिजे. सगळे हो हो म्हणतात, कोणीतरी उत्साहाने व्हॉट्सॲप ग्रुप काढतं, पहिल्या दिवशी धडाधड मेसेज, मग कोणी जुना फोटो टाकतं, त्यावर "किती बारीक होतास रे" वगैरे, आणि पुढच्या आठवड्यापासून तिथे फक्त गुड मॉर्निंग आणि वाढदिवसाच्या शुभेच्छा. लिहिणं राहूनच जातं. लोक म्हणतात आळस, मला तसं वाटत नाही. "आपल्या लहानपणाबद्दल लिहा" असं सांगितलं की कोणालाच सुचत नाही, विषय एवढा मोठा की कुठून धरायचा तेच कळत नाही. तर हा लेख अशा लोकांसाठी ज्यांना हे खरोखर करायचंय, पण याआधी कधी असलं काही केलेलं नाही.

आधीच एक सांगून ठेवते म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. सगळ्यांनी मिळून एकच "खरी" हकीकत तयार करायची हे डोक्यातून काढून टाका. थोरली आणि शेंडेफळ यांच्यात समजा सोळा वर्षांचं अंतर असेल तर त्यांचे आईबाबा एकच असले तरी ते तेच आईबाबा नव्हते. थोरलीला मिळाले ते तरुण, कडक, पैशाच्या ओढाताणीतले, शेंडेफळाला मिळाले ते थकलेले, जरा मवाळ झालेले. मधल्याला तर दोन्हीतलं काय मिळालं ते त्याचं त्यालाच विचारा. त्यामुळे सात भावंडांची सात लहानपणं, ती शेजारी शेजारी ठेवायची, एकात एक कालवायची नाहीत.

पायरी १: एक जण पुढे हवा

सगळ्यांचं काम म्हणजे कोणाचंच नाही. एक माणूस ठरवा जो आठवण करून देईल, लिहिलेलं गोळा करेल, नीट ठेवेल. हा माणूस शक्यतो थोरला किंवा थोरली नको, कारण थोरल्यांनी विचारलं की धाकटे अजूनही परीक्षा असल्यासारखं उत्तर देतात, आणि थोरल्यांना दुसऱ्याचं वाचताना "नाही नाही, तसं नव्हतं" म्हणायची सवय असतेच. घरात जो सगळ्यांशी बोलतो, ज्याचं कोणाशीच वाकडं नाही असा मधला कोणी असेल तर उत्तम. चांगलं लिहिता आलं पाहिजे असंही काही नाही. काम पोस्टमनचं आहे, संपादकाचं नाही. शुद्धलेखन सुधारायचा मोह फार होतो, तो आवरा, ताईने "हुतं" लिहिलं असेल तर "हुतं"च राहू द्या, तिच्या आवाजातलं तेवढंच तर कागदावर येतं.

पायरी २: लिहिण्याआधी चार गोष्टी ठरवून घ्या

हे कंटाळवाणं आहे पण नंतर भांडणं वाचतात. एक फोन करा सगळ्यांना एकत्र, अर्धा तास पुरे.

पहिला प्रश्न, वाचणार कोण? फक्त आपण भावंडं, की नवरा-बायको, मुलं, नातवंडंसुद्धा? याचं उत्तर बदललं की लिहिणं बदलतं. भावाने चोरून सिगारेट ओढल्याची गोष्ट बहिणीला सांगायला मजा येते, तीच नातीने वाचावी असं त्याला वाटेलच असं नाही. माझं मत असं की सुरुवातीला फक्त भावंडं ठेवा, पुढच्या पिढीसाठी काय द्यायचं ते शेवटी निवडता येतं. उलट करता येत नाही, एकदा सगळ्यांना दिलं की दिलं.

दुसरं, कोणीही स्वतःचं लिखाण कधीही परत घेऊ शकेल आणि का म्हणून विचारायचं नाही. तिसरं, दुसऱ्याच्या लिखाणात हात घालायचा नाही, वेगळं आठवत असेल तर आपलं वेगळं लिहायचं. आणि चौथं, इथलं काहीही फेसबुकवर किंवा दुसऱ्या ग्रुपवर जाणार नाही. हे चार मुद्दे कुठेतरी लिहून ठेवा, नुसतं तोंडी ठरलं तर त्याचीही सात व्हर्जन होतात.

पायरी ३: वयांचा तक्ता

हे छोटं काम आहे पण याच्याइतकी उपयोगी दुसरी गोष्ट नाही. एका मोठ्या कागदावर किंवा एक्सेलमध्ये वर आडव्या रांगेत सगळ्या भावंडांची नावं, डाव्या बाजूला उभी वर्षं, आणि प्रत्येक चौकटीत त्या वर्षी कोणाचं वय किती. मग घरात घडलेल्या मोठ्या गोष्टी त्या त्या वर्षासमोर लिहायच्या, घर बदललं, आजी गेली, बाबांची नोकरी बदलली, थोरलीचं लग्न झालं, घरात पहिला टीव्ही आला.

तक्ता भरला की गमती दिसायला लागतात. जी गोष्ट दादा "आपण सगळे तिथे होतो" म्हणून सांगतो त्या वर्षी धाकटी दीड वर्षाची निघते. माणसाची सगळ्यात जुनी आठवण साधारण तीन-साडेतीन वर्षांच्या आसपासची असते असं मानसशास्त्रातले अभ्यास सांगतात, म्हणजे दीड वर्षांचं तिला जे "आठवतं" ते बहुतेक ऐकून ऐकून किंवा फोटो बघून बनलेलं. खोटं नाही म्हणायचं त्याला, पण ते कुठून आलं हे माहीत असलेलं बरं. आणि दुसरी बाजू, उतारवयात माणसांना विचारलं तर दहा ते तीस या वयातल्या आठवणी सगळ्यात जास्त निघतात. म्हणजे शेंडेफळाचं बाळपण कोणाला नीट आठवत असणार? त्यावेळी जे बारा-पंधरा वर्षांचे होते त्यांना. तर धाकट्याच्या पहिल्या पाच वर्षांबद्दल थोरल्यांना लिहायला सांगा, धाकट्याला ती भेटच वाटते, स्वतःबद्दलचं असं काही जे त्याला स्वतःला माहीतच नाही.

तक्त्यात अजून एक बघा, कोण घरातून कधी बाहेर पडलं. थोरला शिकायला किंवा नोकरीला बाहेर गेला त्या वर्षी धाकटा चार वर्षांचा असेल तर ते दोघं एका घरात जेमतेम चार वर्षं राहिलेत, म्हणजे धाकट्याला दादा आठवतो तो सुट्टीत येणारा पाहुणा म्हणून. असं काही दिसलं की ते लगेच विषयांच्या यादीत टाका.

पायरी ४: विषय लहान द्या, इतका लहान की हसू यावं

"आपलं घर" हा विषय देऊ नका. "रात्री कोण कोणाशेजारी झोपायचं" हा द्या. "आईचा स्वभाव" नको, "आई चिडली हे तुला कशावरून कळायचं" हे द्या. फरक लगेच दिसेल, पहिल्यावर तीन ओळींचा निबंध येतो आणि "ती फार मायाळू होती" वर संपतो, दुसऱ्यावर एक जण लिहितो भांड्यांच्या आवाजावरून, दुसरी लिहिते ती एकदम गप्प व्हायची, तिसरा लिहितो मला कधीच कळलं नाही म्हणून तर मार खायचो.

चालतील असे काही विषय देते, यातले कुठलेही उचला: कोणाचे कपडे कोणाकडे यायचे आणि शेवटी त्याचं काय व्हायचं. लपायची जागा. घरातली एक वस्तू जिला हात लावायची बंदी होती. लाइट गेले की काय करायचात. आजारी पडल्यावर कोण जवळ बसायचं. कोणाला काय टोपणनाव होतं आणि ते कोणी पाडलं. तुम्ही केलेला पण दुसऱ्याच्या नावावर गेलेला उद्योग (यावर सगळ्यात जास्त येतं, आणि पन्नास वर्षांनी कबुलीजबाब मिळतात). कोण कोणाची चुगली करायचं. घरात पाहुणे आले की कोणाला कुठे झोपायला लागायचं. तुम्ही शाळेतून घरी आल्यावर पहिली कुठली गोष्ट करायचात.

सगळे आईबाबांवरच लिहितात हेही लक्षात ठेवा. साहजिक आहे, पण सात भावंडं असतील तर त्यांच्यात दोघादोघांच्या जोड्या होतात एकवीस, आणि खरा खजिना तिथे आहे. मोठी बहीण आणि चौथा भाऊ, दुसरा आणि सहावी, अशा जोड्या ज्यांच्यावर कोणी कधी बोलतच नाही. एकदा असं करा, प्रत्येकाला चिठ्ठी टाकून एक भावंडाचं नाव द्या आणि सांगा याच्याबद्दलची एकच आठवण लिही, जी बाकीच्यांना बहुतेक माहीत नसेल.

कोणाला काहीच सुचत नसेल तर शब्दांच्या चिठ्ठ्या. ही युक्ती काही नवी नाही, फ्रान्सिस गाल्टन नावाच्या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १८७९ मध्ये शब्दांची यादी करून एकेक शब्द बघायचा आणि मनात काय येतं ते टिपायचं असा प्रयोग स्वतःवरच करून बघितला होता आणि त्यात लहानपणाचं, तरुणपणाचं बरंच काही वर आलं. तुम्ही जिना, कुलूप, ताप, छत्री, शिट्टी, कात्री, विहीर, चष्मा असे साधे वस्तूंचे शब्द घ्या. आनंद, प्रेम, संस्कार असले शब्द घेऊ नका, त्यातून भाषण येतं.

आणि घराचा नकाशा! हे मी आवर्जून सांगते कारण न लिहिणारी माणसंसुद्धा यात रमतात. प्रत्येकाने कोऱ्या कागदावर लहानपणच्या घराचा नकाशा आठवणीने काढायचा, दारं-खिडक्या, कपाट कुठे, पाणी कुठे, आपली झोपायची जागा कुठे. चित्रकला यायला पाहिजे असं नाही, चौकोन पुरे. एकमेकांचे नकाशे बघितले की एकाने स्वयंपाकघर अर्ध्या घराएवढं काढलेलं असतं आणि दुसऱ्याने ते काढलेलंच नसतं. त्या नकाशावर बोट ठेवून "इथे काय घडलं" विचारा, पानं भरतात.

पायरी ५: आधी वेगवेगळं लिहा, मगच एकमेकांचं वाचा

पूर्ण लेखातली एकच पायरी पाळणार असाल तर ही पाळा.

आपल्याला वाटतं की सगळे एकत्र बसलो की जास्त आठवेल, एकाचं ऐकून दुसऱ्याला सुचेल. गप्पांना ते बरोबर आहे, लिहिण्याला नाही. १९९७ मध्ये वेल्डन आणि बेलिंजर या संशोधकांनी दाखवलं की एकत्र बसून आठवणाऱ्या गटाला जेवढं आठवतं, त्यापेक्षा तेवढ्याच माणसांनी एकेकटं बसून आठवलेलं एकत्र केलं तर जास्त भरतं. कारण प्रत्येकाची आठवायची आपली एक वाट असते, दुसरा मध्येच बोलला की ती तुटते. आणि आपल्या घरात तर बोलणारे दोघंच असतात ना, बाकीचे मान डोलावतात, मग हळूहळू त्या दोघांचं व्हर्जन सगळ्यांचं होऊन बसतं.

दुसरं कारण अजून महत्त्वाचं. दुसऱ्याने सांगितलेलं आपल्या आठवणीत कधी शिरतं ते आपल्याला कळतही नाही. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॅकलीन पिकरेल यांचा १९९५ चा प्रयोग प्रसिद्ध आहे, २४ लोकांना त्यांच्या लहानपणच्या चार गोष्टी लिहून दिल्या, तीन घरच्यांकडून कळलेल्या खऱ्या आणि एक बनवलेली, की तू साधारण पाच वर्षांचा असताना एका मोठ्या दुकानांच्या इमारतीत हरवला होतास. जवळपास पाव लोकांना ती कधीही न घडलेली गोष्ट पूर्ण किंवा अर्धवट "आठवली". आता विचार करा, एका परक्या माणसाने दिलेल्या कागदाने हे होतं तर तीस वर्षं दर सुट्टीत दादाच्या तोंडून तीच गोष्ट ऐकल्यावर काय होत असेल.

तर पद्धत अशी. विषय दिला, पंधरा दिवसांची मुदत दिली, सगळ्यांनी आपापलं लिखाण फक्त त्या पोस्टमनकडे (पहिल्या पायरीत ठरवलेल्या माणसाकडे) पाठवायचं, ग्रुपवर नाही. मुदत संपली की पोस्टमन एकाच वेळी सगळं सगळ्यांना पाठवणार. त्या दिवशी मग फोन सुरू होतात ते रात्रीपर्यंत. ज्याने लिहिलं नाही त्यालाही वाचायला द्या, एकदा वाचलं की पुढच्या वेळी तो लिहितो, कारण त्याच्याबद्दल काय काय छापलंय हे बघून गप्प बसवत नाही.

आठवड्याला एक विषय असा बेत करू नका, जमत नाही, लोक मागे पडतात आणि मागे पडले की लाजेने गप्प होतात. पंधरा दिवस किंवा महिना. किती लिहायचं तर अर्धं पान, जास्त आलं तर आनंद.

पायरी ६: जे लिहीत नाहीत त्यांचं काय

प्रत्येक घरात एक तरी असतोच, "मला काय आठवत नाही, तुम्हीच लिहा" म्हणणारा. बऱ्याचदा आठवत नाही हा प्रश्नच नसतो, टाइप करायचा कंटाळा असतो नाहीतर आपलं अक्षर, आपली भाषा बाकीच्यांसारखी नाही याचा संकोच. जास्त शिकलेली आणि कमी शिकलेली भावंडं एकाच घरात असतात तेव्हा हे फार असतं आणि त्यावर कोणी बोलत नाही.

त्यांना व्हॉइस मेसेज पाठवायला सांगा. किंवा पोस्टमनने फोन करून बोलतं करायचं आणि रेकॉर्ड करायचं, अर्थात रेकॉर्ड करतोय हे आधी सांगून. प्रश्न विचारताना "आठवतं का" असं विचारू नका, त्याचं उत्तर हो किंवा नाही एवढंच येतं. "तेव्हा तू कुठे उभा होतास" असं विचारा. आणि तो थांबला की लगेच पुढचा प्रश्न टाकू नका, पाच-सात सेकंद गप्प रहा, चांगलं ते त्या थांबण्यानंतर येतं.

ऐकून लिहून काढायला वेळ लागतो बरं का, बोलण्याच्या चार-पाच पट सहज जातो, तेव्हा ते काम पुतण्या-भाच्यांना वाटून द्या (वाचणाऱ्यांत ते बसत असतील तर, नाहीतर पायरी दोन मोडली). लिहिताना "म्हणजे", "काय ते" असं प्रत्येक अडखळणं ठेवायची गरज नाही, पण शब्द त्याचेच ठेवा. आणि मूळ आवाजाची फाइल डिलीट करू नका. खरं सांगायचं तर वीस वर्षांनी लिहिलेल्यापेक्षा ती फाइल जास्त ऐकली जाईल.

ज्यांना मोबाइलवर मराठी टाइप करायचं असेल त्यांच्यासाठी जीबोर्ड या गुगलच्या कीबोर्ड ॲपमध्ये मराठी भाषा ॲड केली की माइकचं बटण दाबून बोललेलं टाइप होतं, इंग्रजी अक्षरांतून मराठी टाइप करता येतं, आणि बोटाने स्क्रीनवर अक्षर काढायचीही सोय आहे, ती वयस्कर मंडळींना आवडते. बोलून टाइप केलं तर विरामचिन्हं नीट येत नाहीत, ती नंतर टाका. कॉम्प्युटरवर कोणी जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून पाठवलं तर दुसरीकडे उघडल्यावर नुसती चिन्हं दिसतात, म्हणून सगळ्यांना एकच सांगा, युनिकोड, म्हणजे कुठल्याही फोनवर-कॉम्प्युटरवर सारखं दिसणारं टायपिंग. आणि कोणी वहीत लिहून फोटो पाठवला तर तोही चालेल, उलट ती वही जपून ठेवा म्हणावं.

पायरी ७: दोघांचं जुळलं नाही की

जुळणार नाहीच. जिन्यावरून पडला कोण, तू का मी? दोघांनाही आपणच पडलो हे पक्कं आठवत असतं, रक्तासकट. हे इतकं नेहमीचं आहे की त्यावर संशोधन झालंय, शीन, केम्प आणि रुबिन यांनी २००१ मध्ये जुळ्या भावंडांवर अभ्यास केला तेव्हा दोघंही एकच प्रसंग आपल्याच बाबतीत घडला असं मनापासून सांगतात अशी उदाहरणं मिळाली. कोणी खोटं बोलत नसतं. लहानपणी प्रसंग शेजारून बघितलेला असतो, मग शंभर वेळा ऐकलेला असतो, बघणारा आणि पडणारा यातली रेघ पुसली जाते.

म्हणून कोर्ट भरवू नका. दोन्ही व्हर्जन लिहा, नाव घालून, एकाखाली एक. तिसऱ्याचं वेगळं असेल तर तेही. वाचणाऱ्याला मजा त्यातच येते, आणि प्रत्येकाने काय लक्षात ठेवलं यावरून माणूस कळतो.

फक्त जिथे कागद बोलू शकतो तिथे कागद बघा. साल, पत्ता, कोण कुठल्या इयत्तेत होतं, ही भांडणं शाळेचे दाखले, जुनी पत्रं, पाकिटावरचे पोस्टाचे शिक्के, फोटोच्या मागची तारीख यांनी मिटतात. कागद सापडला तर लिखाण बदलायचं नाही, खाली एक ओळ टाकायची की दाखल्याप्रमाणे हे साल अमुक. ताईला ते दुसऱ्या सालातलं का वाटलं हाही एक विषयच आहे.

पायरी ८: कडू आठवणी

यावर जरा थांबते कारण बहुतेक ठिकाणी काम इथे अडतं किंवा मोडतं. मोठ्या कुटुंबात सगळ्यांच्या वाट्याला सारखं आलेलं नसतं. कोणाला शिकवलं, कोणाची शाळा सोडवली. मुलींना एक न्याय मुलांना दुसरा. कोणीतरी लाडकं होतं आणि ते सोडून बाकी सगळ्यांना माहीत होतं. थोरल्या बहिणीने चार भावंडांना कडेवर वाढवलं आणि तिचं स्वतःचं लहानपण नवव्या वर्षी संपलं, हे ती आयुष्यात पहिल्यांदा लिहिते आणि ज्यांना वाढवलं ते वाचून गोंधळतात, कारण त्यांच्या आठवणीत ती फक्त रागावणारी ताई आहे.

असं आलं तर ते येऊ द्या. पण लिहिताना एक पथ्य, काय घडलं आणि मला काय वाटलं एवढंच लिहायचं, समोरच्याच्या मनात काय होतं ते आपण लिहायचं नाही. "माझी शाळा सोडवली, मला दप्तर दुसऱ्याला देताना फार लागलं" हे चालतं. "बाबांना माझी किंमतच नव्हती" यावर मात्र दुसऱ्या भावाला बाबांची बाजू मांडावीशी वाटणार आणि मग पत्रयुद्ध. वाचणाऱ्यांनाही पथ्य, त्यावर लगेच ग्रुपवर उत्तर द्यायचं नाही. लिहिणाऱ्याला फोन करा, "वाचलं" म्हणा, आणि ऐका. "जाऊ दे आता, झालं गेलं" हे वाक्य अजिबात वापरू नका, त्याने माणूस कायमचा गप्प होतो.

दुखरं लिहिल्यावर त्या दिवशी, त्या आठवड्यात जास्त अस्वस्थ वाटू शकतं. जेम्स पेनेबेकर या मानसशास्त्रज्ञाने १९८६ पासून अशा लिहिण्यावर जे प्रयोग केले त्यातही लिहिल्या-लिहिल्या लोकांना वाईटच वाटलेलं दिसतं, फायदा झाला तर तो नंतर. पण कोणाला लिहून झोपच उडत असेल, तेच तेच डोक्यात फिरत असेल तर थांबा, तो विषय सोडा, जोर करू नका, गरज वाटली तर समुपदेशकाशी बोला. कोणावर लहानपणी खरोखरचा अत्याचार झाला असेल तर तो सांगायची जागा हा प्रकल्प नाही, निदान पहिली जागा तरी नाही.

जे लिहायचंय पण आत्ता कोणी वाचू नये असं वाटतं त्यासाठी बंद पाकीट ठेवा. लिहा, पाकिटात घाला, वर लिहा कधी आणि कोणी उघडायचं, आणि पोस्टमनकडे द्या. लिहिणाऱ्याला मोकळं व्हायला तेवढं बऱ्याचदा पुरतं.

जे भावंड आता नाही त्याचं पान सोडू नका. सगळ्यांनी त्याच्यावर एकेक आठवण लिहा, पण तो कसा गेला यावर नको, तो कसा होता यावर. त्याचं हस्ताक्षर कुठे सापडलं, जुनं पत्र, वहीचं पान, पुस्तकावर लिहिलेलं नाव, तर ते तिथे लावा. लहानपणीच गेलेलं एखादं भावंड असतं ज्याचं नावसुद्धा धाकट्यांना नीट माहीत नसतं, तेही यात आलं पाहिजे, आणि ते सांगणारे फक्त थोरले दोन-तीन उरलेले असतात म्हणून हा विषय मागे ढकलू नका, पहिल्या काही विषयांत घ्या.

पायरी ९: फोटो

फोटो व्हॉट्सॲपवर साधे पाठवले की लहान होतात, छापायला गेलं की धूसर. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, किंवा ड्राइव्हवर टाका. स्कॅन करत असाल तर ३०० डीपीआय (स्कॅन किती बारकाईने होतो त्याचं माप) पुरे, अगदी छोटा फोटो मोठा करायचा असेल तर ६००. जुन्या चिकट पानांच्या अल्बममधून फोटो ओढून काढू नका, फाटतो, पानासकट स्कॅन करा. फोटोच्या मागे काही लिहायचं तर मऊ पेन्सिलने हलक्या हाताने, बॉलपेनने नको, पुढे उमटतं.

फोटो दाखवून आठवणी लिहून घ्यायच्या असतील तर त्या शेवटी घ्या, आधी नको. फोटो बघितला की डोक्यातलं चित्र त्या फोटोसारखंच होऊन जातं. आणि फोटोत कोण आहे हे तर सगळेच लिहितात, फोटो काढणारा कोण होता, काढायच्या आधी काय चाललं होतं आणि कोण फोटोत यायला तयार नव्हतं, ते लिहा.

पायरी १०: एकत्र करणं आणि जपणं

प्रत्येकाची गुगल डॉक्समध्ये वेगळी फाइल करा, सगळ्यांनी एकाच फाइलमध्ये लिहायचं म्हटलं की कोणाचा तरी अंगठा लागून अर्धं पान उडतं (व्हर्जन हिस्टरीतून परत आणता येतं, पण ते शोधेपर्यंत घरभर गोंधळ). दुसऱ्यांना फक्त वाचायची किंवा कमेंटची परवानगी द्या. फाइलचं नाव "नवीन १" ठेवू नका, नाव-विषय-महिना असं काहीतरी ठेवा.

सगळं एकाच अकाउंटवर ठेवू नका. गुगलचं पर्सनल अकाउंट दोन वर्षं वापरलंच नाही तर ते डेटासकट काढून टाकलं जाऊ शकतं, आणि सगळं ज्याच्या नावावर त्यालाच काही झालं तर पासवर्ड कोणाला माहीत? निदान दोघांकडे पूर्ण कॉपी, एक पेनड्राइव्ह किंवा हार्ड डिस्कवर, आणि कागदावर एक प्रिंट. कागद अजूनही सगळ्यात भरवशाचा, त्याला चार्जर लागत नाही.

पुस्तक करायचं असेल तर क्रम कसा लावायचा यावर वाद होतो. प्रत्येकाचं एक प्रकरण केलं तर ज्याने कमी लिहिलं त्याचं प्रकरण दीड पानाचं दिसतं आणि त्याला वाईट वाटतं. त्यापेक्षा विषयावार लावा, एका विषयावर सगळ्यांचं एकत्र, आणि त्यात थोरल्यापासून धाकट्यापर्यंत हा क्रम दरवेळी नको, कधी उलटा, कधी मधून. सुरुवातीला वयांचा तक्ता आणि घराचे नकाशे, सगळेच, ज्याला कोणाला स्वयंपाकघर आठवलं नाही त्याचाही. मध्ये पिन मारलेली पुस्तिका करत असाल तर एकूण पानं चारच्या पटीत बसवावी लागतात, ५६ किंवा ६०, ५८ नाही, हे छापायला देण्याआधी बघा. अक्षर जरा मोठं ठेवा, चौदा पॉइंट तरी, वाचणाऱ्यांपैकी निम्मे चष्मेवाले असणार. प्रिंटिंगला पीडीएफ द्या, वर्डची फाइल दिली तर दुसऱ्या कॉम्प्युटरवर जोडाक्षरं आणि फॉन्ट बिघडू शकतात.

छापायच्या आधी एक कच्ची प्रिंट प्रत्येकाला पाठवा, फक्त आपल्याबद्दल दुसऱ्यांनी काय लिहिलंय ते बघायला आणि काही काढायचं असेल तर सांगायला. आठ-दहा दिवस द्या. आणि मागे सात-आठ कोरी पानं सोडायला विसरू नका (चारच्या पटीत बसवायला तीच उपयोगी पडतात), कारण पुस्तक हातात पडल्यावर पहिल्याच रात्री कोणाचा तरी फोन येणार की अगं ते राहिलंच, आणि तेव्हा त्याला सांगता येईल, पेन घे आणि मागच्या पानावर लिही, बाकीच्यांना फोटो पाठव.